सरळ उभा पिसाचा मनोरा

रायपूरच्या सदर बाजारात त्या सकाळी देवश्रीची लूना थेट इटलीत शिरली.

झालं असं, की सराफांच्या दुकानांपाशी ती वळली आणि समोरून एक भलंमोठं कापड चालत आलं. बांबूच्या चौकटीवर ताणलेलं, माणसाहून उंच... आणि त्याखाली नुसते दोन पाय! देवश्रीनं ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता. कापडाला धक्का बसला आणि तिच्या कोपरावर ओलं निळं आकाश उमटलं.

"भैया, देख के चलो ना! पूरा रोड आपका है क्या?"

कापडाच्या कडेनं एक डोकं बाहेर आलं. कानावर पांढरा रंग, कपाळावर निळा. त्यानं आधी चित्र वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सुटकेचा श्वास सोडला. "वाचला मनोरा."

"अन् मले लागलं असतं तर?" रागात तिच्या तोंडून घरची भाषा निघून गेली.

"अरे, मराठी आहात का तुमी!" तो एकदम हसला. ते हसू इतकं मोकळं होतं, की देवश्रीला आपला राग क्षणभर सापडेचना. म्हणून ती चित्राकडे पाहू लागली. पांढराशुभ्र गोल मनोरा, मजल्यामजल्यावर नाजूक खांबांची रांग. समता कॉलनीतल्या शाळेत ती भूगोल शिकवायची. ओळखायला वेळ लागला नाही.

"हा पिसाचा ना? मग सरळ काहून उभा आहे?"

"वाकडाच काढला होता. पण हा पडदा मागं लावून लोक लग्नाच्या बोलण्यांसाठी फोटो काढतात. म्हणतात, शुभ कामात मागची इमारत कलंडून राहिली आहे, बरं नाही दिसत. शेवटी केला सरळ."

"वा! इटलीतल्या इंजिनियरांना जमलं नाही ते तुमी ब्रशनं केलं."

"ब्रशनं नाही, गिऱ्हाईकानं केलं," तो म्हणाला आणि चौकट डोक्यावर घेऊन समोरच्या फोटो स्टुडिओत शिरला. देवश्री कोपरावरचा निळा डाग शाळेपर्यंत घेऊन गेली. का कोण जाणे, तिला तो पुसावासा वाटला नाही.

छत्तीसगड राज्य तेव्हा नवं नवं झालं होतं. रायपूर राजधानी झाल्यानं दुकानांच्या पाट्या बदलत होत्या. नोकरीच्या अर्जांसाठी लहान फोटो काढणाऱ्यांची स्टुडिओंत गर्दी असायची. पण अजून एक फोटो होता, ज्यासाठी घरातली मोठी माणसंही सोबत यायची. मुलीचं लग्न जुळवायचं, तर आधी तिचा फोटो परगावी जाई. तो आवडला, तरच पुढची बोलणी.

देवश्रीचे वडील गंगाधरराव रेल्वेत होते. एका संध्याकाळी ते तिला अशाच फोटोसाठी घेऊन निघाले. पुण्याचं स्थळ होतं. मामा दिवाळीआधी पुण्याला जाणार होते, तेच फोटो नेणार होते. स्टुडिओच्या पायरीवर देवश्री थबकली. आत कॅमेऱ्याशेजारी तोच उभा होता. निरंजन त्याचं नाव, आणि स्टुडिओ वडिलोपार्जित.

"मागं काय लावू काका? ताजमहाल?"

"छे! कबर आहे ते. मुलीच्या लग्नाचं पाहून राहिलो अन् मागं कबर?"

"मग पिरॅमिड—"

"ती काय धर्मशाळा आहे? तीही कबरच!"

निरंजननं दोरी ओढली. आयफेल टॉवर उलगडत खाली आला.

"याचं बांधकाम अर्धवट राहिलं वाटते," गंगाधरराव गंभीरपणे म्हणाले. "प्लॅस्टर नाही केलं."

देवश्रीनं ओठ दाबून धरले. निरंजननं शेवटी साधा आकाशी पडदा सोडला, कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडात डोकं खुपसलं, आणि ते कापड चांगलंच हलू लागलं. आतला माणूस हसतो आहे हे तिला कळलं. मग तिलाही राहवेना. त्याच क्षणी लख्ख उजेड पडला.

फोटो सुरेख आला. देवश्रीनं तो हातात धरून पाहिला आणि ती म्हणाली, "नाक मोठं दिसते."

"नाक?" निरंजननं फोटो पाहिला, मग नाक पाहिलं, जरा जास्तच वेळ. "ठीक आहे. दुसरा काढू."

दुसऱ्यात तिला डोळे बारीक वाटले. तिसऱ्यात कानातलं वाकडं. स्थळाचा फोटो म्हटल्यावर गंगाधररावही म्हणायचे, "चांगला येऊ दे, घाई नको." आणि शाळा सुटली की लूना आपोआप सदर बाजाराकडे वळायची.

निरंजन तिला एकेक पडदा उलगडून दाखवायचा. रोमचं ते गोल, पडकं क्रीडागार. डोंगराच्या धारेवरून पळत गेलेली चीनची भिंत. कंबोडियातलं अंगकोरचं देऊळ, पाण्यात आपलंच रूप पाहत बसलेलं. देवश्री पोरांना ही नावं रोज शिकवत होती. पण इथं त्या दगडांवर ऊन पडलेलं होतं, सावल्या हलतील असं वाटत होतं.

"तुमी कुठं कुठं गेलात हे पाहाले?"

"नागपूरच्या पुढं नाही गेलो कधी. चित्रं पाहून काढतो. पण छापलेल्या चित्रात ऊन नसते ना... मग ते मी आपलं इथलंच टाकतो. म्हणून माझं पॅरिस थोडं भाजलेलं दिसते."

देवश्री पाहतच राहिली. हजारो मैलांवरच्या भिंतींना हा माणूस आपल्या अंगणातलं ऊन नेऊन देत होता. तिला वाटलं, जग पाहायचं तर अशा माणसासोबत पाहावं... आणि ती दचकली. फोटो तर पुण्याला जायचा होता.

"काय झालं?"

"काही नाही. अंगकोर किती लांब आहे याचा हिशेब करून राहिली होती."

"मग? पोचलीस का?" त्याच्या तोंडून पहिल्यांदाच 'तू' निसटलं. बाहेर स्कूटरींचे हॉर्न उगाच वाजत राहिले.

मामांच्या निघण्याचा दिवस आला. देवश्री दुपारी स्टुडिओत गेली. निरंजननं पाकीट तयार ठेवलं होतं.

"यात पहिला फोटो आहे," तो म्हणाला. "पहिलाच सगळ्यात चांगला होता."

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

"तू नाक मोठं म्हणालीस. मी तरी कशाले भांडू? पुन्हा येणार होतीस ना!"

तिनं पाकीट घेतलं. तो अजून काही बोलेल म्हणून थांबली. तो ब्रश पुसत राहिला. इतक्या सहज देऊन टाकलं यानं? देवश्रीचे डोळे भरून आले. ती वळली.

"देवश्री... एक सांगू? या फोटोत एक खोटं आहे."

"कोणतं?"

"फोटो चांगला आला, कारण हसताना तू माझ्याकडे पाहून राहिली होतीस. पुण्याच्या त्या पोराले वाटेल— त्याच्याकडेच पाहून राहिली." त्यानं ब्रश खाली ठेवला. "मले ते सहन नाही होणार. पण फोटो तुझा आहे. तू ठरव."

देवश्री पाकीट छातीशी धरून थेट घरी गेली.

मामांची बॅग दाराशी होती. गंगाधररावांनी हात पुढं केला. "आण फोटो."

"बाबा, मी नाही देणार. मले पुण्याला नाही जायचं." तिनं पाकीट पाठीमागं लपवलं. "मले निरंजन आवडतो. स्टुडिओवाला."

मामांनी हळूच बॅग उचलून पुन्हा खाली ठेवली. गंगाधररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तो? ज्यानं मले पिरॅमिड दाखवले?"

"हव, तोच."

"पोट्टे, पंधरा दिवस डोळे बारीक, नाक मोठं... हे असं होतं तर!" ते येरझारा घालू लागले. मग थांबले. "पाहिला आहे मी त्याले. पण फोटोवाला म्हणून पाहिला. मुलगा म्हणून कुठं पाहिला? रविवारी चहाले बोलाव. आधी पाहू तर दे."

देवश्री चपला अर्धवट घालून कोपऱ्यावरच्या पीसीओवर धावली. तिकडे स्टुडिओत निरंजननं फोन उचलल्याबरोबर ती म्हणाली, "रविवारी घरी ये. अन् कॅमेरा आणू नको."

"काहून?"

"त्याच्यामागं लपशील. बाबाले तुझा चेहरा पाहायचा आहे."

पलीकडून अगदी हळू आवाज आला, "...अन् तुले?"

"मी तर," देवश्री म्हणाली, "पहिल्या दिवसापासून पाहून राहिली."