चिमट्याच्या जागी

दुरुस्तीच्या धंद्यात खोटं बोलणारी गिऱ्हाइकं उदंड. पण त्या खोट्यात काही नावीन्य शोधायला जावं, तर औषधालाही सापडायचं नाही. लॅपटॉपमध्ये चहा ओतलेला असो की पडद्यावर कुणी बसलेलं असो, माणूस काउंटरपाशी येतो, वस्तू अलगद ठेवतो आणि म्हणतो, "काही केलं नाही हो. आपोआप झालं."

चिमटाताईने हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं होतं, की समोरचा "आपो..." म्हणाला की उरलेलं "...आप" तीच पुरं करायची. बारीक टोकाचा पोलादी चिमटा तिच्या अंबाड्यात कायम खोचलेला असे, म्हणून गल्लीने तिला हे नाव दिलं होतं. स्वभावालाही ते शोभतं, असं शेजारचा शिंपी म्हणायचा. अर्थात ती ऐकण्याच्या टप्प्यात नसताना.

त्या दुपारी एक बाई आणि तिचा दीर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर घेऊन आले. दोघांनी दोन टोकं धरली होती, आजारी माणसाला आणावं तशी.

"सुरू होत नाही का?" चिमटाताईने विचारलं.

"सुरू नाही करायचा. हा मेलेलाच आहे," दीर म्हणाला आणि वहिनीकडे बघून त्याने जीभ चावली. "म्हणजे, दादाचा आहे. दादा नाही आता. यातलं ग्राफिक्स कार्ड तेवढं काढून द्या. स्लॉटमध्ये अडकलंय."

गरज त्याची होती. इमारती बांधणाऱ्या एका कंपनीत तो न बांधलेल्या घरांची चलचित्रं बनवायचा. त्याचं स्वतःचं कार्ड काल जळालं. बाजारातून दुसरं मागवायचं तर आठवडा जाणार आणि उद्या सकाळी मोठी बैठक. साहेबांनी निक्षून सांगितलं होतं, या वेळीही काम हातात पडलं नाही, तर परवापासून येऊ नकोस.

"या वेळीही?" चिमटाताईने नेमका तोच शब्द उचलला.

"मागच्या वेळी वीज गेली होती."

"आपोआप."

वहिनी हसली. दीर हसला नाही.

चिमटाताईने चादर सोडली, झाकण काढलं आणि कपाळावर हात मारला. कॉम्प्युटरचा एक कोपरा चेपला होता. मदरबोर्डला तडा गेला होता. स्लॉटचं पत्र्याचं आवरण वाकडं, कार्ड अडकवून ठेवणारा टोकाचा प्लास्टिकचा खटका अर्धा मोडलेला, आणि आजूबाजूला सुरीचे ओरखडे.

"हे कुणी केलं?"

"टेबलावरून पडला," दीर म्हणाला. "मी नुसता हात लावला आणि..."

"आणि सुरी? तीही आपोआप आली?"

"भाजीची होती," वहिनी हळूच म्हणाली. "टोक मोडलं तिचं."

चिमटाताईने भिंग डोळ्याला लावलं. खरं तर हे काम हातचा मळ. मागचा स्क्रू काढायचा, खटका दाबायचा, कार्ड सरळ वर उचलायचं. खटका मोडला असेल तर फटीतून पातळ पट्टी सरकवून रेटायचं. तिने स्क्रू काढला. पट्टी सरकवली. कार्डाच्या कडा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढलं.

कार्ड नखभर वर आलं आणि परत खाली बसलं.

तिने पुन्हा ओढलं. पुन्हा नखभर वर, पुन्हा खाली. उडी मारून नव्हे, शांतपणे. आपण ताटावरून उठू लागावं आणि यजमानाने खांद्यावर हात ठेवून परत बसवावं, तसं.

"स्प्रिंग असते का यात?" दिराने विचारलं.

"तुमच्या डोक्यात असते. गप्प बसा."

तिने अख्खा मदरबोर्डच बाहेर काढून बाकावर ठेवला. त्या वेळी तिचा तळवा कार्डाच्या पाठीला लागला. कार्ड कोमट होतं.

"येताना चालू करून बघितला होतात?"

"नाही हो," वहिनी म्हणाली. "हे गेल्यापासून पिनसुद्धा लावली नाही मी."

ऊन लागलं असेल, चिमटाताईने मनाशी म्हटलं. पण चादर गार होती, पत्रा गार होता, बोर्डही गार. तेवढं कार्डच कोमट, नुकतंच कुणी उठून गेल्यावर खुर्ची लागते तसं.

तिने मग उरलेला खटका कटरने छाटून टाकला. वाकडं आवरण सोलून काढलं. आता कार्डाला धरून ठेवील असं त्या स्लॉटमध्ये काही उरलं नव्हतं. तिने भिंगातून इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. डिंक नाही, वितळलेलं प्लास्टिक नाही. ओढलं. नखभर वर. आणि खाली.

"अरे काय वैताग आहे!" ती ओरडली. शेजारच्या शिंप्याचं मशीन थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"हे तसेच होते," वहिनी एकदम म्हणाली. "वस्तू मागितली की कधी नाही म्हणायचे नाहीत. पण नियम होता. घरातली कुठलीही वस्तू उचलली, की घेणाऱ्याने त्या जागी स्वतःची काहीतरी ठेवायची. म्हणजे कुणी नेली ते कळतं. स्वतःसुद्धा पाळायचे. एकदा माझी कात्री नेली, तर शिवणाच्या डब्यात यांचं दाढीचं यंत्र."

"पुरे ना, वहिनी," दीर कावला. "त्या नियमापायी मी एका पायात चप्पल घालून कॉलेजला गेलोय."

"कारण तुम्ही लबाडी करायचात, भावोजी. यांची मोटरसायकल नेलीत आणि वाळकं पेन ठेवलंत. त्यावर चिडले होते. म्हणाले, ज्याच्यासाठी माणूस परत येईल, तीच वस्तू ठेवायची. म्हणजे तो येतोच."

दिराने रागारागाने पिशवीतून स्वतःचं जळकं कार्ड काढून बोर्डाशेजारी आपटलं. "घे दादा. झालं समाधान? ओढा हो आता."

चिमटाताईने ओढलं. नखभर.

"जळकं कशाला ठेवता?" वहिनी म्हणाली. "पुन्हा तेच."

त्याने मग घड्याळ काढून ठेवलं. मग घराच्या किल्ल्या. शेवटी मोबाइल ठेवला आणि वाजेल म्हणून लगेच उचलला. चिमटाताई प्रत्येक वेळी ओढत होती आणि प्रत्येक वेळी स्वतःवरच चिडत होती, की इतकी वर्षं हे काम करून आपण या दिरा-भावजयीच्या खुळात सामील कशा झालो. बाहेर संध्याकाळ व्हायला आली होती. दिराचा आवाज खाली आला होता.

"ताई, कापून काढा, तोडून काढा. माझी नोकरी जाईल हो."

पहिल्यांदाच तो खरं बोलत होता, हे तिला ओळखू आलं. खोट्याचा सराव असलेल्या कानाला खरं लगेच कळतं.

ती वाकली. अंबाडा सुटून केस डोळ्यांवर आले. तिने चिमटा उपसला, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून समोरच, बोर्डावर ठेवला आणि कार्डाच्या कडा धरल्या.

कार्ड वर आलं.

जोर लावावा लागला नाही. लोण्यातून सुरी काढावी तसं आलं, आणि तिच्या हातात गार पडलं.

दिराने ते जवळजवळ हिसकावलंच. आभार मानायचे तेवढे मानले, पैसे वहिनी देईल म्हणाला आणि पळाला. वहिनीने मोडका संच दुकानातच ठेवला. "यातले फोटो तेवढे निघतील का बघा. उद्या येते," म्हणाली.

दोघं गेल्यावर चिमटाताईने केस वर बांधले आणि सवयीने बोर्डाकडे हात नेला.

चिमटा नव्हता.

तिने बाकाखाली पाहिलं, चादर झटकली, केरही उपसला. "तो दीर! कार्डाबरोबर माझा चिमटाही घेऊन गेला!" तिने शिंप्याला ऐकवलं. अंबाड्यात पेन्सिल खोचली, वहिनीच्या मोबाइलवर चिमट्याचा निरोप टाकला, दिवा घालवला, शटर ओढून कुलूप लावलं आणि घरी जाईपर्यंत त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

सकाळी तिने स्वतःच्या हाताने कुलूप उघडलं.

बोर्ड होता तिथेच होता. आणि बोर्डावर, काल तिने चिमटा ठेवला होता नेमक्या त्याच जागी, एक चष्मा होता. पुरुषाचा, जाड काचांचा. उजव्या दांडीला निळा दोरा गुंडाळलेला.

चिमटाताई चिडली. कुण्या गिऱ्हाइकाने विसरला असणार. पण काल त्या दोघांनंतर कुणी आलंच नव्हतं. तिने शिंप्याला विचारलं. "दोरा माझ्याकडचा नाही," एवढंच तो म्हणाला.

वहिनी थोड्या वेळाने आली. चेहरा उजळलेला होता. दिराचं काम वेळेवर पोचलं, साहेब खूष झाले, नोकरी राहिली, हे सगळं तिने दारातूनच सांगितलं.

"आणि माझा चिमटा?" चिमटाताईने विचारलं.

"भावोजींकडे नाही हो. तुमचा निरोप मिळाला, तेव्हा त्यांनी पिशवी उलटी करून दाखव..."

ती बोलायची थांबली. बोर्डाकडे बघत हळूहळू बाकाशी आली. चष्म्याला तिने हात लावला नाही. नुसतं बोट निळ्या दोऱ्यावर धरलं.

"हा मी गुंडाळला होता. दांडी टोचते म्हणायचे." तिचा आवाज अगदी साधा होता. "हा त्यांच्याबरोबरच चितेवर गेला ना. लोक म्हणाले, काढून घ्या. मीच म्हटलं, असू दे डोळ्यांवर, नाहीतर तिथेही शोधत बसतील. कुठे मिळाला तुम्हाला?"

चिमटाताईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. कुलूप, किल्ली, शटर, सगळं तिने मनात भरभर तपासलं. कुठे एकही फट सापडेना.

"मी काही केलं नाही," ती म्हणाली. "आपोआप..."

पुढचं कुणी पुरं केलं नाही.

वहिनीने चष्म्याच्या आजूबाजूची धूळ पदराने पुसली. "तिथेच असू द्या," ती म्हणाली. "त्याच्याशिवाय त्यांना काही दिसत नाही. न्यायला येतील."

ती गेली. मग, खात्री करायची सवय म्हणून, चिमटाताईने दोन बोटांनी चष्म्याची दांडी धरली.

कोमट होती. आत्ताच कुणी कानावरून काढून ठेवल्यासारखी.