तीन सेकंद उशिरा येणारं अक्षर

उल्काने कळफलकावरचा 'फ' दाबला आणि ती मोजू लागली. एक, दोन, जवळजवळ तीन. तेव्हा कुठे पडद्यावर 'फ' उमटला.

"आबा, माझ्या पाटीवर अक्षर लगेच येतं. भांडाराच्या यंत्रावर का येत नाही? म्हातारं झालंय का हे?"

"यंत्र नाही, मी म्हातारा झालोय," दिगंबर खानोलकर म्हणाले. पण त्यांना हसू काही आलं नाही.

आजोबा आणि नात भांडाराच्या दाराशी बसले होते. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, खडकातल्या बोगद्यात, ध्रुववाडी नावाची बासष्ट माणसांची वस्ती होती. औषध असो, हवेचा फिल्टर असो, साधा खिळा असो, सगळं या भांडारातून मिळे. नियम एकच होता: चिठ्ठीशिवाय दार उघडायचं नाही. चिठ्ठी भांडाराच्या संगणक-कार्यक्रमातून निघे, आणि तो कार्यक्रम नऊ वर्षांपूर्वी खानोलकरांनी निवडला होता.

आज चार वाजता वस्तीची समिती नवा कार्यक्रम ठरवणार होती. खानोलकरांचा सल्ला मागितला होता. त्यांच्या खिशात घडी घातलेला कागद होता: 'मला या कामातून मोकळं करावं.' एवढं एक वाक्य त्यांनी चार वेळा लिहून काढलं होतं. दर वेळी काहीतरी चुकलंय असं वाटे.

"सांगा ना," उल्का म्हणाली. अकरा वर्षांची ही पोर एकदा प्रश्न धरला की सोडत नसे.

"समज, तुला चित्र हवंय. पण चित्रकार पुण्यात बसलाय. तू इथून सांगतेस, एक रेघ ओढ. तो ओढतो आणि कागदाचा फोटो पाठवतो. फोटो पाहून तू दुसरी रेघ सांगतेस."

"प्रत्येक रेघेला फोटो?"

"प्रत्येक रेघेला. याला टर्मिनल सर्व्हर म्हणतात (दूरच्या एका मोठ्या संगणकावर कार्यक्रम चालतो, आपल्याकडे फक्त त्याच्या पडद्याचं चित्र येतं). तू दाबलेला 'फ' पृथ्वीवर गेला. प्रकाशाच्या वेगाने गेला तरी जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा सेकंद. उरलेला वेळ वाटेतल्या उपग्रहाचा."

"मग असलं कशाला घ्यायचं?"

"दुरुस्ती सोपी. पुण्यात एका जागी केली की इथली सतराही यंत्रं सुधारली."

"आणि चित्रकार आपल्याच घरात असला तर?"

"ते डेस्कटॉप (कार्यक्रम ज्याच्या त्याच्या यंत्रातच बसवलेला). अक्षर बोटाबरोबर येतं. पण दुरुस्ती सतरा ठिकाणी करा. आणि प्रत्येकाने आपापली यादी ठेवली, तर शेवटचा एकच फिल्टर दोन यंत्रं दोघांना देऊन बसतात." खानोलकर थोडे थांबले. "तिसरा प्रकार वेबचा. चित्रकार छापील फॉर्म पाठवतो. तो ब्राउझरमध्ये (पानं दाखवणाऱ्या साध्या कार्यक्रमात) उघडायचा, इथेच भरायचा, आणि शेवटी एकदाच पाठवायचा. म्हणजे तीन सेकंद लागले तरी एकदाच."

उल्काने हळूच विचारलं, "उपग्रह बंद पडला होता तेव्हा या पडद्यावर काय दिसत होतं?"

हा प्रश्न येणार हे खानोलकरांना आठ महिने माहीत होतं.

"काहीच नाही. काळा पडदा," ते म्हणाले. "ध्रुवावरून पृथ्वी महिन्यातले जवळपास चौदा दिवस टेकडीआड असते. तेव्हा सगळी भिस्त उपग्रहावर. हरितगृहाच्या हवेचा फिल्टर फुटला आणि तुझी आई आत अडकली. नवा फिल्टर या दारामागे होता. चिठ्ठी मात्र पुण्यात."

"सगळे म्हणतात, उपग्रहामुळे झालं."

"उपग्रह कधीतरी बिघडणारच, बाळा. तो बिघडला की दार बंद, असा कार्यक्रम मी निवडला. मी तो पुण्यात तपासला होता. दोन्ही यंत्रं शेजारशेजारच्या खोल्यांत ठेवून. अक्षर चटकन यायचं. मला फार बरं वाटलं होतं."

दोन तासांनी भांडारी तांडेलांनी पहारीने दार फोडलं होतं. तोवर चंद्राची धूळ उल्काच्या आईच्या, वैदेहीच्या छातीत गेली होती. तिला पृथ्वीवर न्यावं लागलं, आणि ती आता इथे परत येऊ शकणार नव्हती. उल्का जन्मली चंद्रावर. तिची हाडं पृथ्वीचं ओझं पेलण्याइतकी घट्ट व्हायला आणखी दोन वर्षांचा व्यायाम हवा होता.

उल्का उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खानोलकरांनी खिशातला कागद चाचपला.

"आबा," भिंतीकडे पाहतच ती म्हणाली, "तिन्हींमध्ये भानगड एकच आहे. चित्रकार कुठे बसलाय. मग त्याला इथे का नाही आणला?"

"तेव्हा मोठा संगणक चाळीस किलोचा होता. यानात तो तरी, नाहीतर बियाणं तरी."

"आणि आता?"

"आता जेवणाच्या डब्याएवढा असतो." बोलता बोलता ते सरळ बसले. "मोठा संगणक इथेच, बोगद्यात. यंत्रांवर वेब, म्हणजे दुरुस्ती एकाच जागी. पृथ्वी दिसली की पुण्याला नक्कल पाठवायची, बस."

"तोही बंद पडला तर?"

"दाराजवळच्या या एका यंत्रात डेस्कटॉप. स्वतःचा कार्यक्रम, यादीची स्वतःची प्रत. बाकी सगळं बंद असताना चिठ्ठी फक्त इथूनच द्यायची. म्हणजे एकच वस्तू दोघांना जाणार नाही."

"हेही बंद पडलं तर?"

मागे खोकल्याचा आवाज झाला. तांडेल दारातच उभे होते.

"मला एक वही द्या, साहेब," ते म्हणाले. "आणि हाताने चिठ्ठी लिहून दार उघडायची परवानगी. त्या दिवशी पहार माझ्या हातात होती. परवानगी नव्हती. दोन तास मी नियम धरून उभा राहिलो."

"तुम्हीसुद्धा..." खानोलकर त्यांच्याकडे वळले.

"मीसुद्धा. तुम्हाला काय वाटलं, तुम्हालाच झोप लागत नाही?"

खानोलकरांनी कागद बाहेर काढून उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर समितीसाठी नवी योजना लिहायला घेतली. उल्का परत आली. कागद हलू नये म्हणून तिने त्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

चार महिन्यांनी नवा संगणक आला. वापरात आणण्याआधी खानोलकर म्हणाले, "इथे तपासून पाहू. पृथ्वी टेकडीआड असताना. उपग्रहाची जोडणी तोडून. आधी बोगद्यातला संगणकही बंद करा."

उल्काने दाराजवळच्या यंत्रावर 'फ' दाबला. अक्षर बोटाबरोबर आलं. "फिल्टर, एक," तिने लिहिलं. चिठ्ठी निघाली. मग तिने ते यंत्रही बंद केलं. तांडेलांनी वही उघडून पहिल्या ओळीवर तेच शब्द हाताने लिहिले आणि कडी काढली.

"आईला सांगू या," उल्का म्हणाली.

"पृथ्वी दिसायला अजून नऊ दिवस आहेत, आणि उपग्रह आपणच तोडलाय."

"मग जोडा की! पण थांबा, आधी आत जाऊन फिल्टर घेऊन येते."

टेकडीवरचं आकाश रिकामं होतं. दार मात्र उघडं होतं.