साहेब आत आहेत

तीन यंत्रमानव. तिघांची बुद्धी सारखी, माहिती सारखी, आवाजसुद्धा एकच. तरी एकाच्या डोक्यातून वाफ निघते आणि बाकीचे दोघे डुलक्या काढतात. असं का?

चंद्रावरच्या सोमपेठ वसाहतीत अकरा वर्षांच्या शाल्मलीला हे कोडं पडलं, तेव्हा चौकशी कार्यालयाची रांग घुमटाच्या भिंतीला टेकली होती. अख्खी पेठ भास्करपुढे उभी. प्रभाकर आणि दिनकरपुढे चिटपाखरू नाही.

हे यंत्रमानव शाल्मलीच्या आत्याने, डॉ. वासंती बोरवणकरांनी, बनवले होते. प्रत्येकाच्या पोटात एक वेब सर्व्हर (मागाल ते माहितीचं पान काढून देणारा संगणक) होता. पण उद्घाटनाला पृथ्वीवरून हार आला एकच आणि तो पडला भास्करच्या गळ्यात. पेठेला तेवढं पुरलं. हारवाला तो साहेब, उरलेले हाताखालचे!

पेठेचे अध्यक्ष निंबाळकर यांनी सकाळीच आत्याला बजावलं होतं, "मॅडम, संध्याकाळच्या भोंग्याला रांग दिसली, तर तिघांनाही परतीच्या यानात बसवीन."

शाल्मलीला हे चालणार नव्हतं. दिनकर तिला रोज कोडी घालायचा. तिच्या वयाचं पेठेत दुसरं होतंच कोण?

ती रांगेतल्या देशमाने काकूंकडे धावली. "काकू, दिनकर मोकळा आहे."

"असू दे गं. माझं काम जरा वरच्या पातळीवरचं आहे."

"कसलं?"

"टोमॅटोला पाणी किती घालायचं, ते विचारायचंय."

शाल्मली चिडून आत्याकडे आली. "यांना सगळ्यांना साहेबच हवा!"

"मग देऊ या की," आत्या म्हणाली. "तू वेबसाइट उघडतेस तेव्हा नाव एकच टाकतेस ना? त्या नावामागे कितीतरी सर्व्हर बसलेले असतात. तुला कुणी पान दिलं, हे तू कधी विचारलंस?"

शाल्मलीने तिघांपुढे पडदे ओढले. दारावर पाटी लावली : 'चौकशी. साहेब आत आहेत.'

"पण हे खोटं नाही का?"

"तिघंही सारखेच साहेब आहेत. खोटं असलंच तर त्या हारात होतं."

शाल्मली दाराशी उभी राहिली. पहिला माणूस भास्करकडे, दुसरा प्रभाकरकडे, तिसरा दिनकरकडे, चौथा पुन्हा भास्करकडे. रांग सरकू लागली. दिनकरकडून टोमॅटोचं पाणी विचारून आलेल्या काकू म्हणाल्या, "बघ, साहेबांची गोष्टच वेगळी!"

"आता तू झालीस लोड बॅलन्सर (आलेलं काम अनेकांत वाटून देणारा)," आत्या म्हणाली.

पण थोड्याच वेळात भास्करकडे गर्दी साठली. एक गृहस्थ यानाचं वेळापत्रक तोंडपाठ करत बसले होते आणि आळीपाळीच्या हिशोबाने शाल्मली मागची माणसं तिथेच ढकलत होती.

"सगळ्यांची कामं सारखी नसतात," आत्याने सुचवलं. "पाठवण्याआधी बघ, कुणापुढे माणसं कमी आहेत."

शाल्मली पडद्यांखालची पावलं मोजून माणसं पाठवू लागली. प्रभाकरपुढे करंदीकर आजोबांच्या पावलांची एकच जोडी होती. ती मात्र हलेचना. शाल्मलीने आत डोकावलं. प्रभाकरचे दिवे विझलेले, मान खाली. आजोबा आपल्या गुडघ्याची हकिगत रंगात येऊन सांगत होते.

"आजोबा, हा बंद पडलाय!"

"असेल. पण मधे न बोलता ऐकून घेणारा पहिलाच भेटला."

शाल्मलीने त्यांना उठवून दिनकरकडे नेलं. मग दर थोड्या वेळाने ती प्रत्येक पडद्याआड हाक मारू लागली, "आहेस का?" 'आहे' असं उत्तर आलं तरच तिथे माणूस पाठवायचा, नाही तर उरलेल्यांकडे. प्रभाकर दुरुस्त होऊन 'आहे' म्हणाला, तेव्हा त्याला पुन्हा माणसं मिळू लागली. तो बंद होता, हे रांगेला कळलंसुद्धा नाही.

भोंगा झाला. निंबाळकर आले. बाहेर कुणीच नव्हतं. खातरजमा करायला ते स्वतः आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "तिघंही राहतील. पण पुढच्या वर्षी पेठ दसपट होणार. तेव्हा काय?"

"यंत्रमानव वाढवायचे," शाल्मली म्हणाली. "पाटी एकच ठेवायची."

"शाब्बास! मॅडम, पोरगी तयार झाली."

"पण एक कच्चा दुवा राहिलाय," आत्या म्हणाली. "दाराशी ही एकटीच. ही जेवायला गेली की आत तिघं रिकामे आणि बाहेर रांग. वाटून देणारासुद्धा एक जास्तीचा हवा."

निंबाळकरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि ते दाराशी जाऊन उभे राहिले.

"तू जेवून ये, बाळ. आलेल्या माणसाला दुसरीकडे पाठवायचं काम मी पृथ्वीवर नोकरीभर केलंय. फक्त तिकडे कुणी बसलंय का, एवढं मात्र आता विचारत जाईन."