तिसऱ्या मजल्यावरची टोपली

दुपारची जेवणं उरकली की नेपल्सच्या जुन्या वस्तीत कुणी मोठ्यानं बोलत नाही. खिडक्यांच्या लाकडी झडपा ओढल्या जातात, दुकानं मिटतात, वाळत घातलेल्या चादरींखालून मांजरंसुद्धा दबकत जातात. म्हातारी माणसं सांगतात, ती घटका आपली नव्हे. मग कुणाची, ते मात्र सांगत नाहीत.

अशाच एका दुपारी नुन्झियो चार पाहुण्यांना वस्ती दाखवत हिंडत होता. शाळा त्यानं कधीच सोडली होती, पण कुठल्या जिन्याखाली जुनी विहीर आहे, कुठल्या कोनाड्यातल्या मेरीमातेपुढचा दिवा विझू देत नाहीत, हे सगळं त्याला तोंडपाठ. वर चार थापा ठोकून तो पाहुण्यांना हसवायचाही. फक्त एक गल्ली तो आता कधी दाखवत नसे. त्याची स्वतःची.

आज नेहमीच्या वाटेवर कुणाचं तरी भलंमोठं कपाट जिन्यात अडकलं होतं आणि निम्मी गल्ली त्यावरून दबक्या आवाजात भांडत होती.

"इकडून जाऊ की," तोरिनोहून आलेली बाई म्हणाली, आणि हा नको म्हणेपर्यंत वळलीसुद्धा.

गल्ली अरुंद, काळ्या दगडांची. तळलेल्या कांद्याचा आणि ओल्या कपड्यांचा वास जागच्या जागी थिजलेला. बाकीच्या गॅलऱ्यांचे कठडे गंजलेले. तिसऱ्या मजल्यावरचा तेवढा नवा, लाल रंग अजून ओलसर वाटावा असा. त्यावरून दोरीला बांधलेली टोपली लोंबत होती.

"अगबाई, टोपली! आमच्या उत्तरेत नाही हो ही मजा. दाखवा ना, कशी चालते."

"आत्ता नाही. आत्ता सगळे झोपलेत."

"मग ती खाली का येतेय?"

नुन्झियोनं मान वर केली. टोपली खरंच उतरत होती. दोरी करकरत होती... दुसऱ्या मजल्यापाशी ती क्षणभर थांबली. तळहाताला दोरीचा एक वेढा घ्यायला कुणी थांबावं, तशी.

साबातो तसाच थांबायचा.

साबातो म्हणजे त्याचा थोरला भाऊ. पोट सुटलेला, जिने उतरायचा कंटाळा. रोज जेवणाआधी टोपली सोडून वरून ओरडायचा, "अरे गाढवा, पाव टाक! मी भुकेनं मेलो तर रोज तुझ्या मानगुटीवर बसेन!" खालून नुन्झियोनं पाव ठेवायचा, दोरीला हिसका द्यायचा, की टोपली वर.

गेल्या इस्टरच्या आधीची गोष्ट. परदेशी पाहुणे कॅमेरे रोखून उभे होते. त्यांना हसवायला नुन्झियोनं रस्त्यातला एक सुटा दगड उचकटला, पावाखाली दडवला आणि हिसका दिला. साबातोनं ओढलं. टोपली जडच. "काय भरलंयस रे, तुझी अक्कल?" असं म्हणत हसत हसत तो वाकला, आणि कठडा मुळापासून सुटून त्याच्यासकट खाली आला.

त्या आकांतात टोपलीकडे कुणी पाहिलं नाही. नुन्झियोनं दगड काढला आणि पायानं परत खळग्यात दाबून बसवला. पाहुण्यांची भाषा इथे कुणाला येत नव्हती. ते संध्याकाळच्या गाडीनं गेले. पोलीस म्हणाले, गंज. पाद्री म्हणाला, देवाची मर्जी. नुन्झियोही म्हणाला, गंज. आईसमोर, शवपेटीवर हात ठेवून म्हणाला. तेव्हापासून येता-जाता तो त्या दगडाला वळसा घालायचा.

टोपली त्याच्या छातीशी येऊन थांबली. रिकामी.

"वर कोण आहे?" बाईनं हळूच विचारलं.

"आई... आई असेल."

पण नवा कठडा बसवल्यापासून आईनं त्या गॅलरीचं दार उघडलं नव्हतं. आत्ताही झडपा बंद होत्या. दोरी कठड्यावरून थेट बंद झडपांच्या फटीत गेली होती.

टोपलीला हिसका बसला. मग आणखी एक, चिडका.

बाईनं हसत पिशवीतला पाव तिच्यात ठेवला. टोपली हलेना. "भारीच नखरे हो हिचे!"

नुन्झियोला कळलं ती कशासाठी थांबलीय ते. त्यानं खाली पाहिलं. खळगा उघडा होता. दगड नव्हता.

तो जिन्याकडे धावला. वर स्वयंपाकघरात आई टेबलाशी बसली होती. साबातोच्या जागेवर ताट मांडलेलं, आणि ताटात तो काळा दगड.

"आई... हा इथं कसा?"

"रोज येतो," आई म्हणाली. "दार बंदच असतं. डोळा लागतो, उठून पाहते तर ताटात. संध्याकाळी ॲप्रनखाली झाकून नेते, होता तिथं बसवते." ती त्याच्याकडे पाहत नव्हती. "तू त्याला वळसा घालतोस, ते वरून झडपांच्या फटीतून दिसतं मला. म्हटलं, सांगशील कधीतरी."

तो तिच्या पायाशीच बसला.

"मी ठेवला होता गं. पावाखाली. नुसतं हसवायला..."

आईनं दगड ताटातून उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि ॲप्रनच्या टोकानं ताट पुसलं.

खालून बाईची हाक आली. आता त्या आवाजात हसू नव्हतं. "अहो... टोपली वर चाललीय! पाव तर मी काढून घेतला... मग एवढी जड कशानं?"

दोरी करकरत होती. अगदी सावकाश, जड ओझं वर यावं तशी. दगड तर आईच्या मांडीवर होता.

झडपांबाहेर काहीतरी टेकलं.

"दार उघड, नुन्झियो," आई म्हणाली. "भुकेला असेल तो."

त्यानं कडीला हात लावला. बाहेर कठडा कण्हत होता. कठडा नवा होता, पण आवाज जुन्या, गंजक्या लोखंडाचा येत होता.