फक्त झरोक्यातच

"तू टक्कल घे," ठिणगी धाकट्या भावाला म्हणाली. "रेडिओ कवळी घेईल आणि मी गुडघेदुखी."

भाऊ दहा वर्षांचा. ताई जाईल तिथे मागे मागे जायचा, म्हणून सगळे त्याला शेपूट म्हणत. केस इतके दाट की त्यात कंगवे मोडायचे. टक्कलच का, असं त्याने जरा रुसूनच विचारलं.

"तुझ्या वयाचं कुणी ते शोधणार नाही म्हणून. मग टकलावर औषध विकायला कुणाचा फोन आला, तर तुझा शोध कुठून फुटला ते आपल्याला कळेल."

वाचनालयाच्या मागच्या पायऱ्यांवर तिघांची ही खलबतं चालली होती. सुट्टी लागून दहा दिवस झाले होते आणि त्यातला एकही धड गेला नव्हता.

सुरुवात रेडिओपासून झाली. रेडिओ म्हणजे दोघांचा मित्र. त्याला दिसत नसे. पडद्यावरचं सगळं त्याचा फोन त्याला भराभर वाचून दाखवायचा, त्यामुळे ऐकायची पुस्तकं तो घरबसल्या स्वतःच राखून ठेवायचा. पण सुट्टीच्या तोंडावर वाचनालयाने 'झरोका' नावाचा नवा ब्राउझर आणला. सगळ्या संगणकांवरचे जुने ब्राउझर काढून टाकले आणि संकेतस्थळावर पाटी झळकली : 'हे पान फक्त झरोक्यातच उघडेल.' झरोक्यातली बटणं म्हणजे नुसती चित्रं, कशालाच नाव दिलेलं नाही. रेडिओने फोनवर झरोका घेऊन पाहिला, पण फोन "चित्र, चित्र, चित्र" एवढंच बोलत राहिला. ग्रंथपालबाई म्हणजे ठिणगीची सख्खी आत्या. कुणीतरी तुला पुस्तक राखून देईल, असं ती प्रेमाने म्हणाली. एरवी तासन्‌तास बडबडणारा रेडिओ त्या दिवशी पुस्तक न घेताच सरळ घरी निघून गेला.

दुसरी गोष्ट ठिणगीने कुणालाच सांगितली नव्हती. बोलताना तिचे शब्द अडायचे आणि मग एकदम उडायचे. त्यावरूनच तिचं हे नाव पडलं होतं. कोपऱ्यातल्या संगणकावर, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, तिने अडखळण्यावरचे व्यायाम शोधले होते. दुसऱ्याच दिवशी आईला कुठल्याशा दवाखान्यातून फोन आला. आईचे हात पिठात होते, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात एक बाई गोड आवाजात विचारू लागली, "तुमच्या मुलीला बोलताना अडतं ना?" ठिणगीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. लाज ओसरल्यावर मात्र तिला प्रश्न पडला की त्या बाईला हे कळलं कसं?

ठरल्याप्रमाणे तिघं आत गेले. प्रत्येकाने आपापल्या सभासद कार्डाचा क्रमांक टाकून झरोक्यात आपापला शब्द शोधला. रेडिओचा शब्द शेपटाने टाइप करून दिला. संध्याकाळी घरी, साध्या ब्राउझरमध्ये, त्यांनी मुद्दाम आणखी तीन विचित्र गोष्टी शोधल्या. वहीत दोन रकाने आखून सगळं लिहून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना बाबांचा फोन वाजला. शेपटाच्या कार्डावर त्यांचाच नंबर होता. केस विरळ झाल्याबद्दल पलीकडचा माणूस हळहळत होता आणि बाबा दाट झुलपांतून हात फिरवत त्याच्यावर खेकसत होते. तासाभरात रेडिओच्या मावशीला कवळीसाठी फोन आला आणि दुपारी आईला गुडघ्याच्या पट्ट्यांसाठी. घरी शोधलेल्या तीन गोष्टींबद्दल चार दिवस वाट पाहूनही कुणी चकार शब्द काढला नाही.

ठिणगीने वही आत्यापुढे ठेवली. योगायोग असेल गं, असं म्हणत आत्या पुस्तकं लावत राहिली. झरोका बसवणारे साहेब चांगले आहेत, त्यांनी सगळं फुकट करून दिलंय, असंही तिने सांगितलं.

"फुकट का दिलं, हे वि... विचारलंस?" ठिणगी म्हणाली. आत्याने हातातलं पुस्तक भलत्याच कप्प्यात ठेवलं.

शनिवारी सकाळी कार्यकारी समितीची बैठक होती. सभासदांना तिथे बोलता येतं, हे रेडिओने नियमावलीतून शोधून काढलं होतं. लांब टेबलाच्या टोकाला अध्यक्षबाई बसल्या होत्या. आयुष्यभर पोस्टात नोकरी केलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. शेजारी झरोकावाले साहेब होते आणि समितीची सदस्य म्हणून आत्याही.

ठिणगी उभी राहिली आणि पहिल्याच शब्दाला अडली. कुणीतरी घसा खाकरला. साहेब हसून म्हणाले, "बस बेटा, लिहून दे."

"न... नाही," ती म्हणाली. "मी बोलणार. वेळ लागेल."

आणि ती बोलली. अडत, थांबत, पण वहीतली एकही ओळ न गाळता. बाबांच्या टकलाला सगळे हसले. दवाखान्याच्या फोनबद्दल तिने सांगितलं तेव्हा कुणी हसलं नाही.

साहेब शांतपणे म्हणाले की यात लपवण्यासारखं काहीच नाही, प्रत्येक सभासदाने 'मान्य आहे' हे बटण दाबलेलं आहे.

"शेजारी 'मान्य नाही' हे बटण कुठाय?" ठिणगीने विचारलं. "'मान्य आहे' दाबल्याशिवाय पुस्तकच मिळत नाही."

सुरक्षेसाठी एकच ब्राउझर ठेवावा लागतो, दुसऱ्यात पान चालणारच नाही, असं साहेबांनी ठासून सांगितलं. रेडिओ याचीच वाट बघत होता. त्याने अध्यक्षबाईंचा लॅपटॉप मागून घेतला. प्रत्येक ब्राउझर संकेतस्थळाकडे गेला की आधी आपलं नाव सांगतो, हे त्याने समितीला समजावलं. शेपटाने लॅपटॉपवरच्या साध्या ब्राउझरची सेटिंग उघडली आणि नावाच्या जागी 'झरोका' असं लिहिलं. पाटी नाहीशी झाली. पुस्तकांची सगळी यादी पडद्यावर आली आणि रेडिओने वाचून दाखवायची सोय सुरू करताच लॅपटॉप ती खणखणीत आवाजात वाचू लागला.

"वेबपानं लिहायचे नियम जगात सगळ्यांसाठी खुले आहेत," रेडिओ म्हणाला. "हे पान त्याच नियमांनी लिहिलंय. कुठल्याही ब्राउझरमध्ये चालतं, मलाही वाचता येतं. आम्हाला बाहेर ठेवलं ते फक्त नाव विचारून. म्हणजे सगळ्यांनी झरोक्यातच यावं आणि यांनी नोंदी टिपाव्यात."

साहेब उठून उभे राहिले. ही घुसखोरी आहे, पोरांवर कारवाई करा, म्हणाले.

"खाली बसा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "माझ्या हातून लाखो पाकिटं गेली. कुणाला काय आलंय हे जाणून घ्यायचा मोह कधीतरी होतोच. म्हणून तर पाकीट चिकटवलेलं असतं. तुम्ही या मुलांची पाकिटं फोडलीत."

त्यांनी तिथल्या तिथे ठराव मांडला : झरोका आजच काढायचा आणि संकेतस्थळ सगळ्या ब्राउझरना खुलं करायचं. हात भराभर वर गेले. सर्वांत आधी आत्याचा. झरोक्याच्या करारावर मी न वाचताच सही केली होती, असं तिने सगळ्यांसमोर कबूल केलं आणि मुलांची माफी मागितली.

अध्यक्षबाई ठिणगीजवळ आल्या. इतक्या वर्षांत या टेबलाशी इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं, असं म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. समितीने टाळ्या वाजवल्या. शेपटाने वाकून त्या स्वीकारल्याही.

ठिणगी मात्र जागची हलली नाही.

"आधी घेतलेल्या नोंदींचं काय?" तिने विचारलं. "त्या प... पुसल्याचं यांनी लेखी द्यावं. ज्यांना विकल्या त्यांची नावंही. सगळ्या सभासदांना कळवायला हवं."

साहेब म्हणाले, सोमवारी बघू.

"आम्हाला सुट्टीच आहे," ठिणगी म्हणाली. तिने खुर्ची ओढली आणि साहेबांच्या अगदी समोर बसली. एका बाजूला रेडिओ बसला, दुसऱ्या बाजूला शेपूट. अध्यक्षबाईंनी कोरा कागद आणि पेन साहेबांपुढे सरकवलं आणि शिपायाला खोलीचं दार लावून घ्यायला सांगितलं.