तोंड भिंतीकडे

दवाखान्याची किल्ली इन्शिराहच्या मुठीत घामाने ओली झाली होती. सहाच्या आत डॉक्टर वग्दींचा हरवलेला शिक्का सापडला नाही, तर ते पोलिसांना बोलावणार होते. मग चौदा वर्षांची नोकरीही जाणार होती आणि अब्रूही.

"तो शिक्का मारलेल्या चिठ्ठीवर अख्ख्या अलेक्झांड्रियात कुठेही नशेच्या गोळ्या मिळतील!" डॉक्टर येरझारा घालत होते. "औषध कंपनीचा तो नाजी भेटून गेला. समोरच्या निळ्या कॅलेंडरवर तारीख बघून मी दाखल्यावर शिक्का मारला आणि नमाजाला वर घरी गेलो. वीस मिनिटांत परत आलो, तर शिक्का गायब. इथे ही एकटीच होती."

"मी आत चहा ठेवत होते, साहेब. बाहेरचं दार उघडंच होतं."

डॉक्टरांचा शाळासोबती बहगत खाजगी गुप्तहेर होता. तो टेबलाकडे बघत राहिला. पुढे पिवळं कॅलेंडर होतं. मागे निळं, तोंड भिंतीकडे.

"याला कुणी हात लावला?"

"मी कशाला लावू? औषध कंपन्यांची भेट ती. अरे, शिक्का शोध!"

"टेबल कधी पुसता, सित्त इन्शिराह?" बहगतने तिला अदबीने 'बाई' म्हणत विचारलं.

"सकाळी. एकदाच."

दोन्ही कंपन्यांचे प्रतिनिधी खालच्या औषधाच्या दुकानात सापडले. सीहाम पिवळ्या कॅलेंडरवाल्या कंपनीची. ती बॅग पोटाशी धरून बसली.

"मी आधी भेटले, नंतर नाजी. मग थेट खाली गेले. परत वर आले नाही."

निळ्या कॅलेंडरवाला नाजी वैतागला होता. "महिनाअखेर आहे, भाऊ! भेटींच्या कागदांवर डॉक्टरांचे शिक्के नसले की साहेब सोलून काढतो. आम्हा दोघांनाही."

"आणि कॅलेंडर?"

"तिचं भिंतीकडे फिरवून मागे ढकललं, माझं पुढे ठेवलं. आमच्यात सगळेच करतात. त्यात काय एवढं?"

सहाला दहा मिनिटं होती. बहगत दोघांनाही घेऊन वर दवाखान्यात आला.

"तूच सांगितलंस, वग्दी," बहगत म्हणाला. "शिक्का मारताना निळं समोर होतं. तू परत आलास तोवर ते भिंतीकडे वळलेलं. नाजी स्वतःचंच कॅलेंडर का फिरवेल? सित्त इन्शिराहना पिवळं काय नि निळं काय, सारखंच."

"म्हणजे?" डॉक्टरांना अजून उमगेना.

"चोर घाईत होता. तरी सवयीने हात चाललाच. सीहाम, बॅग उघडतेस?"

सीहामचा चेहरा उतरला. बॅगेतून कागदांचा गठ्ठा निघाला. प्रत्येकावर ताजा जांभळा शिक्का होता. तळाशी शिक्काही होता.

"ज्या भेटी झाल्याच नाहीत, त्यांचे कागद," ती पुटपुटली. "शिक्का उद्या गुपचूप परत ठेवून जाणार होते. कॅलेंडर... मी फिरवलं? मला आठवतसुद्धा नाही."

"मी जेलात गेले असते, पोरी," इन्शिराह म्हणाली.

डॉक्टर खाकरले. "बरं, झालं गेलं. इन्शिराह, चहा आण बघू."

इन्शिराहने किल्ली टेबलावर ठेवली. दोन्ही कॅलेंडरं भिंतीकडे फिरवली आणि डॉक्टरांच्या समोरच्या, रोग्याच्या खुर्चीत बसली.

"आधी माफी, साहेब. मग चहा."