ठकीच्या घराची भिंत

आंबोलीच्या संधिपाद संशोधन केंद्रात डॉ. इरावती केळुसकर लेसरची भिंगं पुसत होती. तेवढ्यात दिगंबर धुरी दोन डबे घेऊन प्रयोगशाळेत आले. एक डबा लाडवांचा होता आणि त्याच्या झाकणाला भोकं पाडलेली होती. दुसरा मोठा, पत्र्याचा, ओल्या फडक्याने झाकलेला.

"लाडवांच्या डब्यात ठकी आहे," ते म्हणाले. "दुसऱ्यात तिचं घर आहे. पडलं ते."

ठकी म्हणजे टॅरँट्युला, तळहाताएवढी केसाळ कोळीण. सुचेता धुरींनी तिला अठरा वर्षं सांभाळलं होतं. सुचेता याच केंद्रात संशोधन करायच्या आणि इरावती त्यांची विद्यार्थिनी होती. त्या जाऊन दोन महिने झाले होते. दिगंबर हे त्यांचे पती. कुडाळला त्यांची पिठाची गिरणी होती. आयुष्यभर गिरणीत राहून कान कमजोर झाले होते, म्हणून ते कर्णयंत्र लावत.

"काका, फोन करायचात. मी गाडी घेऊन आले असते."

"फोनचं नाव काढू नकोस. शेजारच्या मालतीवहिनींनी फोनवर बहिणीला सांगितलं, बायको जाऊन दोन महिने झाले नाहीत तोवर धुरींनी घरात कोळीण ठेवलीय. बहीण विचारते, मालवणची की वेंगुर्ल्याची?"

कोपऱ्यात यंत्र जुळवत बसलेले डॉ. बेनेडिक्ट फर्नांडिस मोठ्याने हसले. ते केंद्रातले ध्वनितज्ज्ञ. "वेंगुर्ल्याची सांगा. आमच्या गावचं नाव होईल."

दिगंबरही हसले, पण लगेच डब्यावरचं फडकं नीट करू लागले. घरातून बाहेर पडून माणसांत बसण्याची त्यांची सवय गेली होती.

नवं घर त्यांनी स्वतः करून आणलं होतं. जीपमधून ते उतरवून त्यांनी टेबलावर ठेवलं. गणपतीच्या मखरासारखी उंच काचेची पेटी. तळाला धुतलेली पांढरी वाळू, वर एक दिवा, कोपऱ्यात पाण्यात भिजवलेला स्पंज. काचेचे कोपरे फार नीट जोडलेले होते.

इरावतीने पेटीभोवती एक फेरी मारली. कसं सांगावं ते तिला कळेना.

"बोल, बोल. चुकलंय ना?"

"पेटी सुंदर आहे. पण ठकी जमिनीतली कोळीण आहे, काका. एवढ्या उंच काचेवर ती चढणार आणि पडणार. पडली की पोट फुटतं. उंची कमी हवी आणि माती खोल. वाळूत बीळ टिकत नाही. दिव्याने ती सुकून जाईल, तिला उजेड नकोच असतो. आणि स्पंजमध्ये नुसती बुरशी धरते. उथळ वाटीत पाणी ठेवलं की झालं."

"म्हणजे काच सोडून सगळंच चुकलं."

"काच छान आहे."

"सुचेता असती तर एवढं पण म्हणाली नसती."

मग ते मूळ गोष्टीवर आले. खुर्चीच्या कडेवर बसून ते फर्नांडिसांना म्हणाले, "सुचेता म्हणायची, कोळिणीच्या रेशमात आवाज राहतो. खरं आहे?"

"खरं आहे. कोळीण बिळाच्या भिंतीला थोडं थोडं रेशीम लावत असते. धागा बाहेर पडत असतो तेव्हा खोलीतला आवाज काचेतून, मातीतून तिच्या पायांपर्यंत पोचतो. कोळ्याला कान नाहीत, तो पायांनी ऐकतो. आवाज आला की अंग किंचित थरथरतं आणि धागा तेवढा जाड-बारीक होतो. त्या जाडीत आवाज उमटलेला असतो. आम्ही त्याला कंपनलेख म्हणतो. हे यंत्र आहे ना, रेशीमवाचक, ते लेसरने धाग्याची जाडी मोजतं आणि त्यातून आवाज परत उभा करतं. याचं निम्मं काम तुमच्या मिसेसनी केलेलं आहे."

"म्हणजे भिंतीत सगळं असतं?"

"ती विणत होती तेवढ्या वेळचं असतं. मधे मधे गळलेले भाग सापडतात. बहुतेक धागा तुटत असावा."

दिगंबरांनी मान हलवली. त्यांचा उजवा पाय बसल्या बसल्या जोरात हलत होता. रेशीमवाचकाचा काटा उड्या मारायला लागला.

"दिगंबरराव, पाय," फर्नांडिस म्हणाले.

"हां हां. सुचेतापण ओरडायची." पाय थांबला. "आजारपणात तिची खाट ठकीच्याच खोलीत टाकली होती, पेटीला लागून. तिचाच हट्ट. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ती काहीतरी बोलली. मी कर्णयंत्र काढून कान पुसत होतो. ओठ हलताना दिसले. 'अहो' एवढं ओठांवरून कळलं, पुढचं नाही. यंत्र घालून विचारलं, काय गं? तोवर तिचा डोळा लागला होता. नंतर ती जागी झाली नाही."

फर्नांडिसांनी यंत्र बंद केलं.

"विशेष काही नसेल," ते म्हणाले. "पाणी मागितलं असेल. पण पाणी मागितलं असेल तर तेही मला कळायला पाहिजे ना?"

*

आधी ठकीचं घर करायला हवं होतं. जुन्या बिळाची रेशमी नळी वाचायची म्हणजे भिंतीचा थर न् थर उलगडायचा. ती ठकीला परत देता आली नसती.

इरावतीने दिगंबरांचीच पेटी घेतली आणि काच कापून तिची उंची कमी केली. बाजूंना वारा खेळायला बारीक भोकं पाडली. जांभ्याची माती आणि नारळाच्या सोडणांचा भुसा एकत्र करून दिगंबरांनी तो थोडा थोडा टाकत मुठीने दाबला. पीठ चाळल्यासारखी त्यांनी आधी माती चाळून घेतली होती, तिथे इरावतीला काही सांगावं लागलं नाही. एका कोपऱ्यात काठीने तिरकं भोक पाडून त्यावर झाडाची साल ठेवली. समोरच्या कोपऱ्यात पाण्याची वाटी. झाकण घट्ट बसेलसं केलं. पेटीखाली जाड रबर घातलं.

"हे कशाला?"

"माणूस चालला की तिला भूकंप वाटतो. घाबरलेली कोळीण खात नाही."

ठकी पहिल्या दिवशी काचेला चिकटून बसली. नंतर एका सकाळी ती सालीखाली गेलेली होती आणि भोकाच्या तोंडाशी मातीच्या गोळ्या पडल्या होत्या. तिने खणायला घेतलं होतं. दिगंबर ते दारातून बघत राहिले. आत गेले नाहीत.

त्याच दिवशी फर्नांडिसांनी जुनी नळी वाचायला घेतली. ते काम बरेच दिवस चाललं. दिगंबर केंद्राच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिले. त्यांना यंत्राजवळ बसू देत नसत. पाय हलतो म्हणून.

जुन्या थरांचा आवाज स्वच्छ झाल्यावर त्यांना बोलावलं.

आधी खरखर आली. मग, पातेल्यात तोंड घालून बोलावं तसा, सुचेताचा आवाज. "ठके, खा गो बाय. कालचा रातकिडा तसाच टाकलास. आता मी काय तो बारीक चिरून देऊ?"

दिगंबरांनी तोंडावर हात धरला. बराच वेळ ते ऐकत राहिले. सुचेता फोनवर कुणाची तरी चूक दाखवत होती. बेसूर गुणगुणत होती. टेबलावर चष्मा शोधत स्वतःलाच शिव्या देत होती. मग फाटक वाजलं आणि ती म्हणाली, "आली स्कूटर." तिथे आवाज तुटला. पुढे एकदम कुठला तरी वेगळा दिवस सुरू झाला.

"यानंतरचं लाव," ते म्हणाले.

"हेच नंतरचं आहे," इरावती म्हणाली.

"नाही. यानंतर मी आत यायचो. तिला विचारायचो, चहा टाकू? ती म्हणायची, टाका. ते कुठे आहे?"

फर्नांडिसांनी दुसरा थर लावला. तिथेही फाटक वाजलं आणि आवाज तुटला. तिसऱ्या थरात सुचेता पुस्तकातलं काही मोठ्याने वाचत होती. वाक्य अर्धंच राहिलं.

"धागा तुटला म्हणावं, तर दर वेळी यांच्या येण्यालाच कसा तुटेल?" फर्नांडिस स्वतःशीच म्हणाले.

इरावतीने विचारलं, "काका, तुम्ही ठकीला कधी हातावर घेतलंत?"

"छे! भीती वाटते मला. काय बोलायचं ते दारातून."

"आणि तुमचा पाय. चालताना जोरात पडतो, बसलात की हलतो." तिने फर्नांडिसांकडे पाहिलं. "सर, धागा तुटलेला नाही. ती विणायची थांबलीय. धोका वाटला की कोळीण काम सोडून आत दबून बसते. सुचेताताईंचा आवाज, पाऊल, सगळं तिच्या सवयीचं होतं. त्यांच्यासमोर ती विणायची. काकांची सवय तिला कधी झालीच नाही."

"म्हणजे हे गळलेले भाग..."

"काका घरी असल्याचे आहेत."

दिगंबरांनी कर्णयंत्र बोटाने दाबून नीट बसवलं. "म्हणजे मी असताना सुचेता जे काही बोलली, ते यात नाही."

"नाही."

"मग ते शेवटचंही नाही."

"तुम्ही तिथे होतात, काका."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर धुकं होतं, बघण्यासारखं काही नव्हतं.

फर्नांडिसांना राहवलं नाही. त्यांनी दिगंबरांना पुन्हा खुर्चीपाशी आणलं आणि पडद्यावरची आकृती दाखवली. नळीची भिंत आडवी कापल्यावर दिसते तशी, थरांवर थर. "हे बघा. ही पूर्वीची वर्षं. दिवसभर तुम्ही गिरणीत, त्यामुळे थर कसे जाड आहेत. आता इथे बघा. आजारपणाचे सहा महिने. सालपटाएवढा थर, जवळजवळ नाहीच. मातीला आतून आधारच मिळाला नाही, ती सुटली. वर बघा, पुन्हा जाड थर. तो त्या गेल्यानंतरचा. त्यात काहीच नाही, बंद खोली आहे. सुटलेल्या मातीवर कितीही रेशीम लावलं तरी भिंत टिकत नाही. म्हणून घर पडलं."

"म्हणजे ठकीचं घर मी पाडलं."

"तुम्ही खोलीतून हलला नाहीत म्हणून पडलं."

"कुठे हलणार? गिरणी बंद ठेवली होती. रात्रीही तिथेच, खाली गादी टाकून."

"आणि घोरत असणार."

"जोरात," दिगंबर म्हणाले. आता त्यांचे डोळे भरून आले. "सुचेता म्हणायची, तुमच्या घोरण्याने मला झोप येते." त्यांनी त्या पातळ रेघेवर बोट ठेवलं. "मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं होतं, तिला एकटं सोडलं नाही. लोक म्हणतात, सगळेच असं सांगतात. आता हे दाखवता येईल."

"येईल," इरावती म्हणाली.

ते पुन्हा खुर्चीवर बसले. बोट अजून रेघेवरच होतं.

"पण ही रेघ आहे. म्हणजे थोडं विणलंय. यात काय आहे?"

"खास काही नाही, काका."

"तू ऐकलंस?"

"आवाज नीट लागत नाहीये."

"इरा."

तिने यंत्राची भिंगं पुसायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती.

दिगंबर हळूहळू बोलायला लागले, हिशेब जुळवत बोलावं तसे. "मी असलो की ठकी विणणार नाही. म्हणजे हे मी नसतानाचं. दूध आणायला गेलो असेन. औषधाच्या दुकानात. आंघोळीला. तेवढ्या वेळात सुचेता खोलीत एकटी. फोन तर ती शेवटी शेवटी घ्यायची नाही. वाचायची नाही." ते थांबले. "मी परत आलो की विचारायचो, दुखतंय का? म्हणायची, आज बरं आहे. रोज. डॉक्टरांना मीच सांगायचो, हिला दुखत नाही, औषध वाढवू नका, उगाच झोप येते. ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना सांगितलं, सुचेता गेली पण त्रास झाला नाही."

इरावती रडायला लागली.

"कण्हतेय ना?"

"काका, मी ते पुसून टाकते. कुणी ऐकायची गरज नाही."

"ओरडते पण?"

फर्नांडिस म्हणाले, "दिगंबरराव, त्यांनी ते तुमच्यापासून लपवलं. त्यांची तीच इच्छा होती. ती राहू द्या."

"किती वेळाचं आहे?"

"सगळं जोडलं तर एक दुपार होईल."

दिगंबर उठले. मग त्यांनी खुर्ची यंत्राजवळ ओढली.

"लाव."

"काका, कशाला? आता काय उपयोग?"

"एवढ्याच वेळात मी तिथे नव्हतो ना?" ते म्हणाले. "बाकी सगळा वेळ होतो. तुम्हीच दाखवलंत. मग एवढाच राहिलाय."

इरावतीने फर्नांडिसांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिने तो थर लावला आणि दिगंबरांच्या शेजारी स्टूल ओढून बसायला लागली.

"तू नको थांबूस," ते म्हणाले. "सुचेता कुणासमोर कण्हायची नाही. तुम्ही दोघं बाहेर बसा."